कानात बोळे घालणारी बाई

(बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा इथं झालेल्या महिला मेळाव्यातलं भाषण. बोलणाऱ्या मैत्रिणीच्या इच्छेवरून तिचं नाव दिलेलं नाही.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो,

आज इथं माइक नाही याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. मंडपवाल्या भावानं दोन भोंगे आणले होते, ते मीच परत पाठवायला लावले. पंखाही बंद केलाय, कारण त्याचं एक पातं खडखडतं. उकडतंय, त्याबद्दल माफ करा. मागच्यांनी थोडं पुढे सरकून बसा, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही.

मी या गावची लेक. तुमच्यातल्या निम्म्या जणींनी मला लहानपणी पाहिलंय. ‘ती कानात बोळे घालून हिंडणारी’ असं म्हटलं की पोराटोरांनाही माझं घर सापडतं. आज मी त्या बोळ्यांबद्दलच बोलणार आहे. वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षापर्यंत त्याचं कारण मलाही माहीत नव्हतं.

शाळेत घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा होता. ती वाजायच्या आधीची पाच मिनिटं माझं फळ्याकडे लक्ष नसायचं, हातोडी कोण उचलतं तिकडे मी बघत असायची. घंटा वाजली की दुखायचं, आणि वाजायच्या आधी ती वाजणार म्हणून दुखायचं. ‘दुखायचं’ हा शब्द मी विचार करून वापरतेय. आवाज आवडत नव्हता, असं नाही. दाताच्या किडीत गार पाणी गेलं की कळ जाते ना, तशी कळ कानातून मानेत आणि तिथून पोटात उतरायची. धान भरडायच्या मिलसमोरून जायला लागू नये म्हणून मी शेताच्या धुऱ्यानं वळसा घालून जायची.

दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, झुले येतात, रात्री दंडार नाहीतर नाटक. सगळ्या पोरी वर्षभर तिची वाट बघायच्या. मी धानाच्या कोठीमागे बोटं कानात घालून बसायची. माय हुडकत यायची. ‘काहून कान झाकतेस वं? लोकायच्या पोरी पाय कशा मजा करून राहिल्या.’ तिला लाज वाटायची, आणि तिला लाज वाटते याची मला लाज वाटायची.

पण एक सांगते, सगळे आवाज दुखत नसत. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून बाया एका सुरात गाणी म्हणायच्या, ते मला कधी दुखलं नाही. मी शिवणकाम करते. मशीनचा आवाज काही कमी नसतो, पण तो चालतो, कारण पायटा माझ्या पायाखाली आहे. मी थांबवला की थांबतो. पुढे मला कळलं की हा माझा एकटीचा विक्षिप्तपणा नव्हे. जो आवाज आपल्या हातात असतो तो सोसवतो. जो अचानक येतो, दुसऱ्याच्या हातात असतो, तो मारासारखा लागतो.

1994 साली माझं लग्न झालं. वरातीला बॅण्ड होता. मी सबंध वेळ रडत होते. नवरीनं रडायचंच असतं, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

सासरी अकरा माणसं. सकाळी रेडिओ, त्यावर कुकरची शिट्टी, त्यावर पोरांचं रडणं, मोरीत भांडी आपटणं, आणि त्यातच सासूबाई मला काहीतरी काम सांगायच्या. मला त्यांचा आवाज ऐकू यायचा, शब्द सुटे व्हायचे नाहीत. ‘ऐकून न ऐकल्यासारखं करते,’ अशी माझी ख्याती झाली. फार झालं की मी गोठ्याच्या मागे जाऊन बसायची. मग ‘कामचुकार’ही झाले.

त्या घरात शांतता नव्हती असं मात्र नाही. मामंजी दुपारी जेवून आडवे झाले की अख्खं घर चवड्यांवर चालायचं. रडणाऱ्या लेकराला जाऊबाई पदराखाली धरून परसात न्यायच्या. नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं की रेडिओ बंद व्हायचा, आणि तो कुणी बंद केला हे विचारायचीही गरज पडायची नाही. म्हणजे शांतता होती, पण ती वाढली जायची जेवणासारखी. आधी पुरुषांना, मग पोरांना. बायांच्या ताटापर्यंत यायची तेव्हा भांडं रिकामं असायचं. आपण बायांनी गप्प बसावं असं सगळ्यांना वाटतं. पण बाईलाच शांतता लागते म्हटलं की तिच्या डोक्यात बिघाड आहे असं ठरतं.

माझ्या बाबतीत ते ठरलंच. अंगात काहीतरी आहे म्हणून मला एका देवस्थानी नेलं. जागेचं नाव घेत नाही. तिथला उपाय काय, तर बाईला मध्ये बसवायचं आणि भोवती ढोल आणि झांजा वाजवायच्या, अंगातलं बोलेपर्यंत. आवाजानं जिचे प्राण कंठाशी येतात तिला आवाजाचंच औषध! माझे हात दोघींनी धरले होते, म्हणून कान झाकता येत नव्हते. किती वेळ गेला माहीत नाही. मी किंचाळले, मग पडले, मग माझी वाचा गेली. दोन दिवस एक शब्द फुटला नाही. सगळ्यांना वाटलं, निघालं अंगातलं, शांत झाली. आपल्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला. अंगात आलंय म्हणून माणसाला छळणं त्या कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा तो नव्हता, आणि असता तरी मी तक्रार कुठल्या तोंडानं केली असती?

कानाच्या डॉक्टरांकडेही नेलं होतं. कानाला यंत्र लावून तपासणी झाली, कान उत्तम निघाले. ‘हिला चांगलं ऐकू येतं, नाटक करते,’ हा कागदासकट पुरावा सासरच्यांच्या हाती पडला.

2003 साली दोन्हीकडची माणसं बसवून बैठक झाली. एका खोलीत वीस-बावीस माणसं, सगळी एकदम बोलणारी, बाहेर ट्रॅक्टर चालू. मला विचारलं, ‘तुला काय सांगायचंय ते सांग.’ मैत्रिणींनो, मला खूप सांगायचं होतं. नवरा हात उगारायचा ते, मला उपाशी ठेवलं होतं ते, देवस्थानचं ते. पण त्या गलक्यात माझे शब्द सापडेनात. मी भिंतीकडे बघत, कान झाकून बसले. पंचांपैकी एक जण म्हणाले, ‘हिला तर धड बोलताही येत नाही, हिच्याशी नांदणार कोण?’ मी एक पत्र्याची पेटी घेऊन बपेऱ्याला परत आले. माझी पोटगी त्या गलक्यात गेली.

या गोष्टीचं नाव मला सोळा वर्षांनी कळलं. माझ्या भाच्याला बोलायला उशीर होत होता, त्याला घेऊन आम्ही 2019 साली नागपूरला गेलो. डॉक्टरीणबाई त्याच्याबद्दल प्रश्न विचारत होत्या. आवाजाला घाबरतो का? ठरलेलं बदललं की बिथरतो का? माणसांच्या नजरेला नजर देतो का? बहीण उत्तरं देत होती आणि मी शेजारी बसून गार पडत चालले होते. बाहेर येताना मी हळूच विचारलं, हे मोठ्या माणसांत असतं का? बाई म्हणाल्या, ‘लहान असलेलं माणूस मोठं होतंच की.’ पुढे तीन खेपा झाल्या. माझी माय तेव्हा हयात होती, तिला माझ्या लहानपणाचं विचारलं. शेवटी मला सांगितलं की मी ऑटिस्टिक आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द काही मला पटत नाही. स्वतःत मग्न कसली, उलट जग माझ्यात जरा जास्तच घुसतं.

हा आजार नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. आवाजाचं म्हणाल तर असं समजा, तुम्ही सूप घेऊन धान पाखडता, फोल उडून जातं, दाणे राहतात. तुमचा मेंदू दिवसभर हेच करत असतो. आत्ता बाहेर कोंबडा आरवला, कुणाच्या बांगड्या वाजल्या, ते फोल तुम्ही न कळत उडवलंत. माझ्या सुपातून काहीच उडत नाही. कोंबडा, बांगड्या आणि समोरचीचं बोलणं, सगळं सारख्याच वजनाचं सुपात पडून राहतं. दुसरं म्हणजे सवय. एखादा आवाज पुनःपुन्हा झाला की बहुतेकांच्या मेंदूला त्याची सवय होते, तो दाद देईनासा होतो. मेंदूची चित्रं घेऊन केलेल्या अभ्यासांत दिसलंय की अनेक ऑटिस्टिक माणसांत ही सवय फार सावकाश होते. म्हणून कानाची तपासणी चांगली निघते. बिघाड कानात नसतोच. ‘हळूहळू सवय होईल’ हे मला सासरी नऊ वर्षं ऐकवलं गेलं. सवय झाली नाही, कारण ती माझ्या इच्छेवर नव्हती.

याचा इतिहास वाचून मला राग आला. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी 1943 साली अमेरिकेत अकरा मुलांबद्दल लिहिलं आणि ऑटिझमचा शोध त्यांच्या नावावर लागला. मोठ्या आवाजांनी मुलं भेदरतात हे त्यांनीही नोंदवलं होतं. पण त्यांच्याही सतरा-अठरा वर्षं आधी मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरीणबाईंनी अशाच सहा मुलग्यांचं वर्णन छापलं होतं, त्यात आवाजानं आणि वासानं होणारा त्रासही होता. 1927 मध्ये त्यांनी मुलींवरही लिहिलं. बाईचं लिहिणं आणि तेही मुलींबद्दल, मग ते कोण वाचणार! पुढे कितीतरी वर्षं हा मुलग्यांचा आणि बाळपणाचा प्रश्न समजला गेला. इंग्लंडच्या लॉर्ना विंग या स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई आणि डॉक्टर. त्यांनी आणि इतर पालकांनी 1962 साली संघटना बांधली आणि मुलं मोठी झाल्यावर काय, हा प्रश्न लावून धरला. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास हे ऑटिझमचं एक लक्षण म्हणून अमेरिकेच्या डॉक्टरांच्या नियमपुस्तकात यायला 2013 साल उजाडलं. मुलींची नोंद अजूनही कमी होते. त्याचं एक कारण तुम्ही सगळ्या जाणता. मुलीला लहानपणापासून शिकवतात, हस, मान डोलाव, पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करू नको. आम्ही ते शिकतो, आतून फाटत असलो तरी. मग आम्ही ऑटिस्टिक ‘वाटत’ नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात स्वमग्नता आहे. वयाची अट नाही. प्रमाणपत्र मिळू शकतं. मात्र तपासणीचे प्रश्न मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, त्यामुळे आमच्यासारखीला खेटे घालावे लागतात. याच कायद्यात वाजवी समायोजनाचा हक्क आहे. म्हणजे माणसाला भाग घेता यावा म्हणून झेपेल तेवढा बदल समोरच्यानं करायचा. आज इथं पंखा बंद आहे, ते वाजवी समायोजन. आवाजाचे नियमही आहेत, 2000 सालचे. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. साधं बोलणंच साठच्या आसपास जातं. डीजे शंभराच्या वर जातो, आणि दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली बजावलं, मुंबई उच्च न्यायालयानं 2016 साली सणांच्या संदर्भात पुन्हा बजावलं. पण गावातल्या एकट्या बाईनं फोन करून वरात थांबवली तर दुसऱ्या दिवशी तिला दुकानात उधार मिळेल का, हा प्रश्न निकालपत्रात नसतो. म्हणून मी एकटीनं तक्रार कर असं कुणाला सांगत नाही. महिला ग्रामसभेत मांडायचं असेल तर मात्र मी येईन.

आता आपल्या घरातलं बोलते, म्हणजे चळवळीतलं.

2011 साली मी पहिल्यांदा आपल्या शिबिराला आले. किती उमेदीनं आले होते! पहिल्याच तासाला डफ वाजला, साठ बाया टाळ्या वाजवत गायला लागल्या, मग घोषणा. मी संडासात जाऊन बसले ते दुपारच्या जेवणापर्यंत. दुसऱ्या दिवशी आलेच नाही. नंतर एक कार्यकर्ती मला म्हणाली, ‘तुला अजून मोकळं व्हायला भीती वाटते.’ तिचा हेतू चांगला होता. पण सासूबाईंच्या आणि तिच्या वाक्यात मला फार फरक दिसला नाही.

आवाज हे आपलं हत्यार आहे हे मला ठाऊक आहे. 1972 नंतर मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे हजारो बाया थाळ्या-लाटणी वाजवत महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. जिला जन्मभर गप्प बसवलं तिनं थाळी बडवायची नाही तर काय करायचं? मी थाळी वाजवू नका म्हणत नाही. मला एवढंच हवंय, की ती केव्हा वाजणार ते मला आधी सांगा. मी बोळे घालून मोर्चाच्या शेवटी चालेन, फलक धरेन. मार्च 2023 मध्ये तसं करून पाहिलं आणि जमलं. शिबिरात एक खोली रिकामी ठेवा, गाण्याआधी दोन मिनिटं सांगा, चर्चेत एका वेळी एकीनंच बोला. यातलं शेवटचं तर तुमच्याही फायद्याचं आहे.

आणि जिथं तुम्ही तक्रारी घेता, समुपदेशन करता, तिथलं नीट ऐका, कारण माझं आयुष्य तिथं अडकलं होतं. एखादी बाई कान झाकते, प्रश्नाला उत्तर देत नाही, भिंतीकडे बघते, एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणते. लगेच तिला खोटारडी किंवा वेडी ठरवू नका. आधी खोलीतली माणसं कमी करा, पंखा, रेडिओ, फोन बंद करा, तिला कागद-पेन्सिल द्या आणि वाट बघा. नवऱ्याला आणि तिला एकाच गलक्यात बसवू नका. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत तर हा कायदाच आहे. बाईला अपंगत्व असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या सोयीच्या जागी जाऊन, दुभाषा किंवा विशेष शिक्षक सोबत ठेवून तक्रार नोंदवायची, आणि त्याचं चित्रीकरण करायचं. 2013 साली ही तरतूद आली आणि जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती ठेवलेली आहे. आपल्यातल्या किती जणींनी ती कधी मागून घेतलीय?

बोळ्यांचं पण सांगून टाकते, कारण मघाशी चहाच्या वेळी दोघींनी विचारलं. कापसानं फारसं काही होत नाही. औषधाच्या दुकानात स्पंजाचे मिळतात, ते बरे. पण दिवसभर घालू नका. मी घालायची, तर साधं ताट ठेवल्याचा आवाजही टोचायला लागला. कान सदा झाकलेले राहिले की मेंदू जास्तच कानोसा घेतो, असं मला नागपूरच्या बाईंनी समजावलं. आता मी गरजेपुरते घालते. गर्दीचं काम असलं की आदला आणि नंतरचा दिवस मोकळा ठेवते. भाचा आता दहा वर्षांचा आहे, त्याच्या शाळेत बहिणीनं घंटेची वेळ वहीवर लिहून द्यायला सांगितलं. एवढ्यानं त्याचं अर्धं रडणं गेलं.

गेल्या मंडईच्या आधी शेजारचा पोरगा, मंडळातला, माझ्या दारात आला. चुळबुळत म्हणाला, ‘मावशी, डब्बे कोणत्या बाजूनं लावू?’ बहिणीनं त्याच्या आईला सांगितलं होतं. मी त्याला अंगणात काडीनं रेघा ओढून दाखवलं. त्यांनी स्पीकरची तोंडं शेताकडे फिरवली, आणि दंडार किती वाजता सुरू होणार, ढोलकी केव्हा जोरात वाजणार, हे एका चिठ्ठीवर लिहून दिलं. वेळ काही पाळली नाही, दीड तास उशीर झाला, पण चिठ्ठी होती. बहीण आणि मी मागच्या अंगाला, बांधीच्या धुऱ्यावर, थंडीत घोंगडी पांघरून बसलो. साडी नेसलेले पुरुष दिव्याच्या उजेडात नाचत होते, छोटे छोटे दिसत होते. बहीण मधूनमधून कोण काय म्हणालं ते कानाशी सांगत होती. जन्मापासून ज्या गावात मंडई ऐकली, तिथली दंडार मी बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बघितली. विनोद जरा वाह्यातच होते.

माझं बोलून झालं. टाळ्या नकोत, हात वर करून हलवा, मला दिसतात. आता तुम्ही बोला, पण एकेकीनं.